पडणाऱ्याची चूक

हिंगोली जिल्ह्यात माणूस पडला, की आधी त्याची चौकशी होते आणि मग त्याला उचलतात. चौकशीचे प्रश्न ठरलेले. पहिला, "कसं काय पडलाव?" दुसरा, "डोळे कुठं होते?" तिसरा जरा खासगीत विचारतात, "पण त्या बाजूनं गेलावच कशाला?" या तीन प्रश्नांत फरशी येत नाही, नाली येत नाही, पायरी, खड्डा, तार, विहीर यांतलं काहीच येत नाही, आणि त्यांचा मालक तर नाहीच नाही. आरोपी एकच. तो आडवा पडलेला असतो, त्याच्या गुडघ्यातून रक्त येत असतं आणि निकाल जागच्या जागी लागतो: "बघून चालावं की नाही माणसानं!" मग कुणीतरी हळद आणतं. हळद घरचीच. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं असल्यामुळं या सगळ्या प्रकरणात निदान जखमेत भरलेली वस्तू तरी सरकारमान्य असते.

पडणाऱ्यालाही हा निकाल मान्य असतो, हे विशेष. तो उठतो, कपडे झटकतो, कुणी हसलं का ते बघतो आणि "काही नाही, काही नाही" म्हणत लंगडत निघतो. हाड मोडलेलं असलं तरी चार पावलं चालून दाखवल्याशिवाय आमच्याकडं कुणी खाली बसत नाही. ज्याच्या दारात पडला त्यानं तेवढ्यात तांब्याभर पाणी आणून दिलं, तर उलट पडणाराच ओशाळतो, "उगं तुम्हाला तरास."

कायद्याचं म्हणणं बरोबर उलटं आहे. जागा ज्याच्या ताब्यात, तिथं येणाऱ्याजाणाऱ्याला इजा होणार नाही याची वाजवी काळजी त्यानं घ्यायची. हयगय केली आणि त्यातून कुणाचा पाय मोडला, तर भरपाई द्यायची. हे काही काल निघालेलं नाही. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या संहितेत, घर कोसळून मालक दगावला तर ते बांधणाऱ्याला देहदंड सांगितलेला आहे. हा नियम आमच्याकडं लागू झाला तर सरकारी इमारतींची कामं घ्यायला एकही गुत्तेदार उरणार नाही. यात नफा किती आणि तोटा किती, हे ज्या त्या गावानं आपापल्या इमारतीकडं बघून ठरवावं.

आता एक फरशी बघू. कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेत नालीवर टाकलेली असते, तसली शहाबादी. तिचा एक कोपरा उडालेला आहे, खाली विटेचा तुकडा सारलेला आहे. डाव्या अंगाला पाय दिला तर ती नुसती 'टक' करते. उजव्या अंगाला दिला तर ती उभी राहते आणि आपण खाली जातो. गल्लीतली शाळेची पोरं, दूधवाला, काठी टेकत देवळात जाणाऱ्या आत्याबाई, सगळे न बघता डावीकडून जातात. कुत्रीसुद्धा. दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो, नाली नगरपालिकेची. नगरपालिकेचा माणूस सांगतो, फरशी दुकानदाराची. दोघंही खरं बोलतात. प्रश्न नाली आणि फरशी यांच्यामधल्या पोकळीचा आहे. माणूस पडतो तो तिथं, आणि पोकळीचा सातबारा निघत नाही.

या फरशीवरून जो पडतो तो हमखास बाहेरगावचा असतो. सुट्टीत आलेला आमचा एक भाचा असाच मांडीपर्यंत आत गेला. लोकांनी त्याला वर काढला आणि मोठ्या आपुलकीनं विचारलं, "पाहुणे दिसताय?" तो भाचा पुण्यात एका कंपनीत असतो, तिथं फरशी पुसली की पिवळी पाटी उभी करतात. त्यानं विचारलं, इथं पाटी का नाही? दुकानदार खरोखर बुचकळ्यात पडला. "सगळ्यांना म्हाईत आहे की!" वकिलाच्या कानावर हे वाक्य पडलं असतं तर त्यानं ते लगेच लिहून घेतलं असतं. धोका तुम्हाला माहीत होता आणि तरी तुम्ही तो काढला नाही, हे सिद्ध करायला फिर्यादीची एरवी दमछाक होते. इथं मालक ते आपण होऊन, चहा पाजत सांगतो. आमच्या सुरक्षाव्यवस्थेचं सूत्रच ते आहे. धोका आम्ही काढत नाही, पाठ करतो. कुठल्या पुलाला कठडा नाही, कुठल्या खांबाला पावसाळ्यात हात लावायचा नाही, कुठल्या जिन्याची चौथी पायरी वीतभर उंच आहे, हे सगळं ज्याला पाठ आहे तो गावचा. पडला तो परका, किंवा पिलेला.

इंग्लंडात 1957 साली या विषयावर स्वतंत्र कायदाच झाला. तोवर तिथले न्यायाधीश दारात आलेल्या माणसाची प्रतवारी लावत बसत: कामानिमित्त बोलावलेला कोण, नुसती परवानगी असलेला कोण आणि घुसखोर कोण. काळजीचं माप प्रत्येकाला वेगळं. 1957 च्या कायद्यानं पहिल्या दोघांना एका पंगतीत बसवलं आणि वर हेही लिहून ठेवलं की लहान मुलं मोठ्यांपेक्षा कमी सावध असणार, हे मालकानं धरूनच चालायचं. घुसखोराची पंगत 1984 साली बसली. आपल्याकडं असा वेगळा कायदा नाही. हयगयीबद्दल न्यायालयांनी घडवत आणलेली तत्त्वं आहेत आणि दिवाणी दावा आहे. एका परीनं बरंच झालं. सेनगाव किंवा कळमनुरीकडच्या एखाद्या वाड्यात दिवसभरात कोण कोण येतं ते बघा. एक जण अंगणातून पलीकडच्या आळीला निघालेला असतो, कारण रस्त्यानं लांब पडतं. एक जण विडी पेटवायला विस्तव मागतो. एक बाई शेळी शोधत परसापर्यंत जाते. एक जण हात जोडून उभा असतो, त्याच्या मागं पंधरा जण असतात, निवडणूक असते. यात निमंत्रित कोण? शेळी सोडून कुणालाच घुसखोर म्हणायची सोय नाही. आणि शेळीचीही मालकीण नात्यातलीच.

नातं हीच खरी अडचण आहे. दावा लावायचा तर प्रतिवादी लागतो, आणि आमच्याकडं प्रतिवादी चुलत्याचा साडू निघतो.

मंगल कार्यालयात याचा सर्वांगसुंदर नमुना बघायला मिळतो. हात धुवायच्या नळापाशी, जिथं लादी खडबडीत पाहिजे, नेमकी तिथं आरशासारखी गुळगुळीत लादी बसवलेली असते. पहिली पंगत उठेपर्यंत तिच्यावर वरणाचं पाणी, भाताची शितं आणि एखादी चिरडलेली बुंदी असा थर चढतो. दुसऱ्या पंगतीला नवरदेवाचे मामा घसरतात. पडणारे नेहमी मामाच का असतात, यावर संशोधन झालेलं नाही. माझा अंदाज असा की मामांचं लक्ष आपल्याला कोण नमस्कार करतंय याकडं असतं. मामा पडताच कार्यालयात शांतता पसरते. कमरेचं काय झालं हे कुणी विचारत नाही. मान कुठं दुखावला एवढंच बघतात. वधूपित्याचा चेहरा उतरतो. कार्यालयाचा व्यवस्थापक तेवढ्या वेळापुरता मांडवात सापडत नाही. मग एका खोलीत तीन-चार जाणती माणसं बसतात आणि भरपाई ठरते: टोपी-टॉवेल-नारळ. मामा दिवे लागेपर्यंत लंगडत राहिले तर पूर्ण पोशाख. क्ष-किरण फोटोत काही निघालं तर पुढच्या सणाला बोलावून आहेर. ही भरपाई लादी ज्याची तो देत नाही, मुलगी ज्याची तो देतो. आणि लादी बदला, असं त्या जाणत्यांतला एकही म्हणत नाही. पुढच्या मुहूर्ताला तीच लादी, मामा दुसरे.

या बैठकीला तंटामुक्तीचं शास्त्र अवगत आहे, यात शंका नाही. सरकारनं 2007 साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तेव्हा आमच्या गावांना नवीन काही शिकायचं नव्हतंच. पडलेला माणूस तंटा करतच नव्हता.

आता समजा, एखाद्यानं करायचाच ठरवला. वकीलसाहेब त्याला सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल ऐकवतात. पहिला दिल्लीचा. चांदणी चौकात टाउन हॉलसमोरचं घंटाघर 1951 साली कोसळलं, त्यात माणसं गेली. पालिका म्हणाली, आतला दोष आम्हाला बाहेरून कसा दिसणार? न्यायालय म्हणालं, इमारत 80 वर्षांची, तिच्यातल्या चुन्याचं आयुष्य 40-45 वर्षांचं, तपासणी तुम्ही करायची होती. असली इमारत उगाच पडत नाही, पडली यातच हयगय दिसते. भरपाई द्या. हा निकाल लागला 1966 साली. घड्याळाचा मनोरा होता, तरी वेळेचं असं झालं. दुसरा राजकोटचा. 1975 च्या मार्चमध्ये कचेरीला निघालेल्या एका माणसाच्या अंगावर रस्त्याकडेचं झाड पडलं. त्याच्या पत्नीनं पालिकेवर दावा लावला. उच्च न्यायालयात ती जिंकली आणि 1997 साली सर्वोच्च न्यायालयात हरली. झाडाबद्दल पालिकेला जबाबदार धरता येणार नाही, असं ठरलं. बावीस वर्षं. ऐकणारा अशील गोंधळतो. वकीलसाहेब समजावतात, "सोपं आहे. बांधकामाखाली उभं राहिलाव तर केस हाय. झाडाखाली राहिलाव तर सावली हाय."

तारेचा निकाल मात्र आमच्या जिल्ह्यानं पाठ करावा असा आहे. मध्य प्रदेशात 1997 साली पावसाचं पाणी साचलेल्या रस्त्यावर तुटून पडलेल्या जिवंत तारेनं एक सायकलस्वार गेला. वीज मंडळानं बचाव काय केला? तिथल्या एकानं चोरून तार जोडली होती, ती पडली. म्हणजे आकडा! आकडा टाकणं ही कला शिवारात कुणाला समजावून सांगावी लागत नाही, आणि हा बचाव ऐकून निम्म्या जिल्ह्यानं मान डोलावली असती. सर्वोच्च न्यायालयानं 2002 साली तो उडवून लावला. एवढी घातक वस्तू तुम्ही गावात खेळवता, तर हयगय असो नसो, चोर असो नसो, जबाबदारी तुमचीच.

मालकाच्या भात्यात आणखी एक बाण असतो: देवाची करणी. औंढा नागनाथाच्या जिल्ह्यात हा बचाव हलक्यात घेता येत नाही. नामदेवांना कीर्तन करू दिलं नाही म्हणून इथं अख्खं देऊळ फिरल्याची कथा आहे. बांधकाम जागचं हललं आणि कुणी पंचनामा केला नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात जमिनीतून गूढ आवाज येतात, त्याला आता बरीच वर्षं झाली. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमाराला 4.5 आणि मागोमाग 3.6 तीव्रतेचे दोन धक्के बसले आणि त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा 4.5 चा. मोठी हानी झाली नाही, पण एक सोय झाली. त्यानंतर जिल्ह्यातली कुठलीही भेग भूकंपाची ठरू लागली. गेल्या वर्षी बांधलेल्या आणि उद्घाटनाआधीच तडकलेल्या भिंतीकडं बोट दाखवलं तरी गुत्तेदार डोळे मिटून जमिनीकडं हात करतो.

मार्चमधल्या त्या धक्क्यांनंतर प्रशासनानं एक आवाहन केलं होतं: घरावरच्या पत्र्यांवर दगड ठेवले असतील ते काढून घ्या. सूचना रास्त होती. भूकंपात पत्र्यावरचा दगड आधी खाली झोपलेल्याच्या डोक्यावर येतो. पण तो दगड तिथं शोभेला ठेवलेला नसतो. एप्रिल-मेच्या वावटळीत दगड नसला तर पत्रा उडतो, आणि उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या बैलावर जाऊन पडतो. म्हणजे दगड ठेवला तर घरातल्याची भरपाई, काढला तर शेजाऱ्याची. पत्र्याला हूक आणि नटबोल्ट मारले की दोन्ही टळतं, असं एक जण म्हणाला. त्याला सगळ्यांनी विचारलं, "पैसे तू देतूस का?"

वसमत तालुक्यातलं गुंज हे गाव मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. 4 एप्रिल 2025 ला तिथल्या मजूर बाया हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या. केंद्राची आणि राज्याची मदत जाहीर झाली, पुढारी येऊन गेले. मदत ही जाहीर होते. ती देणारा विहिरीचा मालक नसतो, रस्त्याचाही नसतो, ट्रॅक्टरचाही नसतो, आणि म्हणून ती घेतल्यावर कुणाला काही विचारता येत नाही. दाव्यात विचारता येतं. वाट विहिरीला किती खेटून आहे, कठडा आहे का, ट्रॉलीत माणसं बसवायची कुणी, हे सगळं एका माणसाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून विचारता येतं, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. शिवारातल्या जमिनीबरोबरच्या विहिरी अजून तशाच आहेत. बोअरवेलचं तर सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली बारकाव्यानिशी लिहून दिलं आहे: खोदण्याआधी 15 दिवस कळवा, फलक लावा, काटेरी तारेचं कुंपण घाला, काम संपलं की खड्डा बुजवा. मालकाच्या आणि खोदणाऱ्याच्या नावाचा असा फलक ज्यानं आपल्या शिवारात पाहिला असेल, त्याला माझ्याकडून चहा.

सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. प्लास्टर साधारण सहा आठवड्यांनी निघतं. म्हणजे दावा दाखल करायच्या दिवशी वादी स्वतःच्या पायांनी चालत येतो, आणि समोरचे वकील पहिलं बोट तिकडंच दाखवतात.

एवढ्यात एक नवी सोय झाली आहे, तीही थेट उच्च न्यायालयाकडून. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 2013 साली मुख्य न्यायमूर्तींना रस्त्यांच्या दुर्दशेबद्दल पत्र लिहिलं आणि त्याचीच जनहित याचिका झाली. खड्ड्यासाठी न्यायमूर्तींनाही अर्जच करावा लागतो, हे वाचून आमच्याकडच्या अर्जदारांना फार धीर आला. त्या याचिकेत 13 ऑक्टोबर 2025 ला न्यायालयानं दर ठरवून दिले: खड्ड्यामुळं किंवा उघड्या मॅनहोलमुळं मृत्यू झाला तर 6 लाख, जखमी झाला तर इजेप्रमाणं 50 हजार ते अडीच लाख. दाव्याचा निपटारा सहा ते आठ आठवड्यांत. पैसे पुढं जबाबदार गुत्तेदाराकडून, अधिकाऱ्याकडून वसूल करायचे. ठरवायला समिती, नगरपालिकेच्या हद्दीत मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. म्हणजे खड्डा ज्यांनी बुजवायचा तेच खड्ड्याची किंमत ठरवायला बसणार. शेजारी न्यायाधीश बसवलेत, एवढा दिलासा. पंजाब-हरियाणाच्या उच्च न्यायालयानं तर 2023 साली मोकाट कुत्र्याच्या चाव्याला दाताच्या एका खुणेमागं किमान 10 हजार ठरवले. तो निकाल इथं लागू नाही, आणि आमची कुत्री चावण्यापेक्षा मोटारसायकलीमागं धावून माणसाला खड्ड्यात घालणं पसंत करतात. तेव्हा ते प्रकरण आपोआप मुंबईच्या दरपत्रकात बसतं.

पण दर कळले म्हणून पैसे मिळतात असं नाही. कागद लागतो. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर विचारतात काय झालं, आणि आपला माणूस सवयीनं सांगतो, "पाय घसरून पडलो." तेच कागदावर येतं. झाला दावा. खड्ड्याचा फोटो काढावा म्हणून दुसऱ्या दिवशी पोराला पाठवलं, तर कालपर्यंत तीन वर्षं उघडा असलेला खड्डा रातोरात मुरूम टाकून बुजवलेला असतो. सरकारी यंत्रणा झपाट्यानं काम करत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा खड्ड्यात पडून बघावं. आणि साक्षीदार? तुम्ही पडताना बघायला पन्नास जण होते. पोलीस आले तेव्हा त्यातले पंचवीस पाठमोरे होते, वीस जण नुकतेच आले होते आणि उरलेल्या पाचांच्या घरी लग्न होतं. पंच म्हणून सही करायला जो सापडतो, त्याला सही कशावर केली हे तारखेला आठवत नाही.

यावर उपाय आता औंढ्याजवळ दुधाळ्याला होतो आहे, असं माझं मत आहे. तिथं लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारनं 2023 साली त्यासाठी 2,600 कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेसर, आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्यानं भुजेच्या लांबीत पडणारा फरक इथं मोजायचा. फरक किती? प्रोटॉनहूनही हजारो पट लहान. एवढ्या नाजूक यंत्राला आसपासची प्रत्येक हालचाल जाणवते. वाहनांच्या हादऱ्यांचासुद्धा त्याला त्रास होतो, म्हणून तर अशी यंत्रं गजबजाटापासून लांब ठेवतात आणि सोबत भूकंपमापक बसवतात. म्हणजे औंढ्याच्या वाटेवर एखादा उसाचा ट्रक खड्ड्यात आदळला, तर तारीख, वार, वेळ आणि दणका यांची नोंद व्हायला हरकत नाही. पाठमोरा नसलेला, घरी लग्न नसलेला, कुणाचाही साडू नसलेला जिल्ह्यातला पहिला साक्षीदार.

मी ही कल्पना वकीलसाहेबांना सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"साक्षीदार चांगला हाय," ते म्हणाले, "पण सरकारी हाय. त्याला समन्स काढावं लागंल, आणि त्याच्या साहेबाची परवानगी दिल्लीहून येईस्तवर खड्डा बुजलेला असंल, रस्ता पुन्हा झालेला असंल, पुन्हा उखडलेला असंल. त्यापेक्षा तुम्ही असं करा, आपल्या कोर्टाच्या पायरीवरून जरा जपून उतरा. तिसरी हलते."